दांडा आणि खटका

विमानात पंखाजवळची खिडकी मिळाली, तर उतरण्याच्या थोडं आधी एक गंमत बघायला मिळते. पंखाच्या मागच्या कडेचा एक लांबट तुकडा हळूहळू मागे सरकतो आणि खाली वाकतो. पायाखालून घरघर ऐकू येते. पहिल्यांदाच विमानात बसलेला शेजारी आपल्याकडे बघतो, आणि आपल्यालाही फारसं ठाऊक नसल्यामुळे आपण नुसतं हसतो. त्या तुकड्याला फ्लॅप म्हणतात. मराठीत त्याला ‘झडप’ म्हणता येईल, पण झडप म्हटलं की मला घारीनं घातलेली झडप आठवते. म्हणून मी आपला फ्लॅपच म्हणेन.

मोठ्या विमानात हे फ्लॅप हलवायला भलीमोठी यंत्रणा असते. दोन-चार माणसांच्या लहान विमानात मात्र हे काम दोन तऱ्हांनी होतं. एक म्हणजे वैमानिकाच्या शेजारी असलेला दांडा हातानं ओढायचा. दुसरी तऱ्हा म्हणजे समोरचा एक खटका खाली करायचा, बाकीचं काम विजेची मोटर करते. यांतलं चांगलं कोणतं, यावर लहान विमानं उडवणारी माणसं गेली साठ वर्षं वाद घालत आहेत. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. या वादात मी पडलो तो माझ्या भाच्यामुळे. आपानं राहतं घर गहाण ठेवून पोराला अमेरिकेत, फ्लोरिडाला, विमान शिकायला पाठवलं. तिथं तो पायपर कंपनीच्या विमानावर शिकला. त्यात दांडा होता. परत आल्यावर इथलं लायसन्स मिळवण्यासाठी त्याला सेसना १७२ या विमानावर पुन्हा काही उड्डाणं करावी लागली. त्यात खटका होता. पहिल्या दिवशी त्यानं फोनवर सांगितलं, “मामू, हात रिकामा रिकामा वाटतो.” कवीला एवढं वाक्य पुरतं. मी त्याच्या मागेच लागलो.

आधी फ्लॅप कशासाठी हवा, ते पाहू. पंख पुढे धावतो, हवेला खाली ढकलतो आणि हवा त्याला वर उचलते. वेग कमी झाला की ही उचल कमी होते. मग वैमानिक नाक थोडं वर करून ती भरून काढतो. पण याला मर्यादा आहे. नाक फारच वर गेलं तर पंखाच्या पाठीवरून सरळ वाहणारी हवा तिथून सुटते आणि पंख एकदम कामातून जातो. याला स्टॉल म्हणतात. वर्तमानपत्रात कधीकधी ‘इंजिन स्टॉल झाले’ असं छापून येतं, ते वेगळं. इंजिन उत्तम चालू असतानाही पंख स्टॉल होतो.

उतरताना तर वेग कमी करायचाच असतो. म्हणून पंखाची मागची कड खाली वाकवायची. पंखाचा बाक वाढतो आणि कमी वेगातही तो विमान तोलून धरतो. कबुतर कठड्यावर उतरताना पंख आणि शेपूट कशी पसरतं ते आठवा. आकडेच द्यायचे तर सेसना १७२ च्या ‘एस’ या मॉडेलमध्ये फ्लॅप वर असताना वेगमापकावर ४८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ८९ किलोमीटरला पंख स्टॉल होतो. फ्लॅप पूर्ण खाली असताना ४० नॉटला, म्हणजे ७४ किलोमीटरला. पंधरा किलोमीटरचा फरक किरकोळ वाटेल. पण थांबवायचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. चाकं टेकल्यावर ब्रेकनं जिरवायचा जोर त्यामुळे जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. आखूड धावपट्टीवर आणि पुढं झाडं असताना तीस टक्के म्हणजे फार झालं.

फ्लॅपचं दुसरं काम अडवण्याचं. पहिले दहा-वीस अंश फ्लॅप मुख्यतः उचल देतो. त्यापुढे तो हवेला जास्त अडवतो. त्यामुळे विमान वेग न वाढवता उतारावरून खाली येऊ शकतं. हे अडवणं किती गरजेचं आहे ते फ्लॅप नसलेल्या काळातल्या वैमानिकांना विचारावं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटांनी कराचीहून टपाल आणून मुंबईत जुहूला उतरवलं, ते पस मॉथ विमान. त्याला फ्लॅप नव्हते. त्याच्या चाकांच्या तंगड्यांवर जी निमुळती आवरणं होती, ती वैमानिकाला आडवी फिरवता येत. आडवी झाली की वारा अडायचा आणि विमान मंदावायचं. फ्लॅपची कल्पना तेव्हा नवी नव्हती. विमानाचा शोध लावणाऱ्या भावांपैकी ऑरव्हिल राइट यांनी जेम्स जेकब्स यांच्यासोबत एका प्रकारच्या फ्लॅपचं पेटंट १९२४ मध्येच घेतलं होतं. पण लहान, स्वस्त विमानापर्यंत ती यायला वेळ लागला.

आता दांडा. एका फ्लाइंग क्लबमध्ये उभ्या असलेल्या पायपर विमानात मला भाच्यानं बसवलं. दोन खुर्च्यांच्या मधे, जमिनीलगत, अगदी मोटारीच्या हँडब्रेकसारखा दांडा आहे. टोकाला बटणही तसंच. ओढला की खट् आवाज होऊन पहिल्या खाचेत बसतो, १० अंश. आणखी ओढला की २५, आणखी ओढला की ४०. खाली सोडायचा तर बटण दाबून धरायचं. पंखाखाली काय आहे म्हणाल तर एक तार, एक आडवी फिरती नळी आणि दोन्ही फ्लॅपना ढकलणाऱ्या दोन सळया. संपलं. खेड्यातला सायकल दुरुस्त करणारा माणूसही बघून समजून घेईल. दोन्ही फ्लॅप एकाच नळीला जोडलेले असल्यामुळे ते बरोबर हलतात. एकच खाली आला आणि दुसरा वर राहिला तर विमान एका कुशीवर पडू पाहील, तेवढी एक भीती त्यामुळे खूप कमी होते. याच फ्लॅपची आणखी एक गंमत आहे. पंखावर चढताना माणसं त्यावर पाय देतात, म्हणून दांडा पूर्ण खाली असला की तो पायरीसारखा पक्का अडकतो. नीट अडकला नसेल तर पाय ठेवताच खाली जातो आणि पाहुणा पंखावर आपटतो.

या दांड्याला अमेरिकेत ‘जॉन्सन बार’ म्हणतात. हे नाव आलं रेल्वेतून. वाफेच्या इंजिनात गाडी पुढे न्यायची की मागे हे ठरवणारा जो मोठा दांडा ड्रायव्हरच्या हाताशी असे, त्याचं तिकडचं हे नाव. कोळशाच्या इंजिनातला शब्द आकाशात गेला, ही मला फार आवडलेली गोष्ट.

मी दांडा ओढला तेव्हा तो हलका लागला. भाचा म्हणाला, “मामू, हे काही खरं नाही. वर वारा असतो.” हवेत असताना फ्लॅपवर वाऱ्याचा दाब येतो आणि तो नळी, तार आणि दांडा या वाटेनं हातापर्यंत पोचतो. वेग जास्त असेल तर दांडा जड लागतो. वेग उतरला की तोच दांडा सहज येतो. फ्लॅप किती वेगाच्या आत खाली करावेत याची मर्यादा असते. वेगमापकावर पांढरी कमान रंगवलेली असते, काटा त्या कमानीत आल्यावरच फ्लॅप पूर्ण खाली करायचे. नाही तर वारा ते वाकवील. दांड्याच्या विमानात ती कमान डोळ्यांना दिसतेच, पण दंडालाही कळते.

लहानपणी पतंग उडवताना आम्हाला हे माहीत होतं. पतंग दिसेनासा झाला तरी मांज्याला लागलेल्या बोटाला कळायचं, वर वारा पडलाय की वाढलाय, की कुणाचा मांजा घासतोय. त्याच दोऱ्यातून आपण ढील द्यायचो आणि त्याच दोऱ्यातून पतंग बोलायचा. दांड्याचं तसंच आहे. हुकूम आणि खबर एकाच वाटेनं जातात-येतात.

खटक्याची वाट एकेरी असते. वैमानिक फक्त आपली इच्छा कळवतो. सेसनामध्ये उजव्या पंखात एक मोटर असते. ती एक आटे असलेला दांडा फिरवते, त्यानं उजवा फ्लॅप सरकतो आणि तारांच्या जोडणीनं डावा. टोकाला पोचला की मोटर बंद करणारे छोटे खटके असतात. आणि मोटर अडली तर वीज तोडणारा ब्रेकर असतो. हे सगळं व्हायला काही सेकंद लागतात. ते झालं की नाही, हे हाताला कळत नाही. काटा बघावा लागतो किंवा मान वळवून फ्लॅप बघावा लागतो.

सेसना १७२ हे जगातलं सर्वांत जास्त बनलेलं विमान, ४४ हजारांहून जास्त नग. १९५६ पासून बाजारात आलेल्या या विमानाला सुरुवातीला दांडाच होता. १९६५ च्या मॉडेलला मोटर आली. धाकटं सेसना १५० पाठोपाठ १९६६ ला बदललं. कारण उघड आहे. विमान चालवणं मोटार चालवण्याइतकं सोपं आहे, असं या कंपनीला मध्यमवर्गीय अमेरिकन माणसाला पटवायचं होतं. चाकांच्या नव्या रचनेला तिनं ‘लँड-ओ-मॅटिक’ असं नाव दिलं होतं, म्हणजे बघा. अशा गिऱ्हाइकाला खुर्च्यांच्या मधला लोखंडी दांडा कसा आवडणार? खटक्याला ताकद लागत नाही, जागा लागत नाही, ठेंगण्या माणसाला वाकावं लागत नाही. आपल्याकडे मोटारीची काच हातानं फिरवण्याची मूठ गेली आणि बटण आलं, तेव्हा कुणी रडलं नाही. मीही नाही.

पण मोटारीची काच अर्धीच राहिली म्हणून कुणी मरत नाही. भाच्यावर आलेला एक प्रसंग सांगतो. महाराष्ट्रातल्याच एका धावपट्टीवर तो सेसना घेऊन उतरत होता. फ्लॅप पूर्ण ३० अंश. चाकं टेकायला थोडं राहिलं असताना कुंपणाच्या भगदाडातून एक कुत्रं धावपट्टीवर आलं आणि मधोमध उभं राहिलं. अशा वेळी उतरणं सोडून पुन्हा वर जायचं असतं, याला गो-अराउंड म्हणतात. इंजिन पूर्ण जोरात. मग फ्लॅप ताबडतोब २० अंशांवर आणायचे, कारण शेवटचे अंश विमानाला मागे ओढत असतात. आणि मग वेग आणि उंची वाढेल तसे टप्प्याटप्प्यानं वर. भाच्यानं उजव्या हातानं इंजिनाला जोर दिला, खटका २० वर नेला, आणि पायपरच्या सवयीनं पुढच्या क्षणी विमान हलकं होईल अशी वाट पाहिली. ते झालं नाही. मोटर आपल्या चालीनं फ्लॅप वर घेत होती. समोर कुत्रं, त्यामागे बाभळी, इंजिनाचा पूर्ण जोर, आणि विमान जणू चिखलातून चाललंय. तीन-चार सेकंदच. शेजारचे प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, “नाक दाबून ठेव, वेग बघ, तो येतोय.” आणि तो आला. विमान कुत्र्यावरून गेलं. संध्याकाळी त्यानं हे मला सांगितलं. आपाला आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.

त्या सेकंदांत मोटरची वीजच गेली असती तर? फ्लॅप वर असताना वीज गेली तर फारसं बिघडत नाही. थोड्या जास्त वेगानं, लांब धावपट्टीवर बिनफ्लॅपचं उतरता येतं, आणि ते शिकवलेलंही असतं. पण फ्लॅप पूर्ण खाली अडकले आणि वर जायची वेळ आली, तर लहान इंजिनाच्या विमानाचा कस लागतो. जुन्या सेसनांचे फ्लॅप ४० अंशांपर्यंत खाली येत. अशा अवस्थेत, उन्हाळ्यात आणि दोन धिप्पाड माणसं घेऊन, सेसना १५० जेमतेमच चढतं. १९७८ ला आलेल्या सेसना १५२ मध्ये कंपनीनं ही मर्यादा ३० अंश ठेवली आणि १९८१ मध्ये १७२ लाही तीच लावली. तेवढ्यानं १७२ ला १०० पौंड, म्हणजे ४५ किलो जास्त वजन नेण्याची परवानगीही मिळवता आली. तीव्र उतारावरून येण्याची मजा गेली म्हणून जुने लोक अजून कुरकुरतात. मला विचाराल तर कंपनीनं ठीक केलं.

खटक्याची दुसरी अडचण अशी की सगळे खटके सारखे दिसतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ या बॉम्बफेकी विमानांत चाकं आणि फ्लॅप दोन्ही विजेवर चालत आणि त्यांचे खटके शेजारी शेजारी, एकाच आकाराचे होते. लढून, थकून, सुखरूप उतरलेले वैमानिक जमिनीवर धावत असताना फ्लॅप वर घ्यायला जात आणि चाकं वर घेत. विमान पोटावर बसे. वैमानिकाची चूक, असं लिहून फाइल बंद होई. आल्फोन्स चपानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं खटक्यांकडे पाहिलं आणि चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा लावला. आता न बघताही हाताला फरक कळे. आजही चाकांच्या लिव्हरची मूठ चाकासारखी आणि फ्लॅपची फ्लॅपसारखी असावी असा नियम आहे. दांड्यातून जी खबर आपोआप येत असे, ती अशी मागून आणून चिकटवावी लागली. तरी धडा पुरता गिरवला गेला नाही. बीचक्राफ्ट कंपनीच्या लहान विमानांत चाकांचा आणि फ्लॅपचा खटका इतरांच्या उलट जागी होता. त्यावर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाला १९८० मध्ये खास अहवाल काढावा लागला.

आकार वेगळे केले म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. १५ जानेवारी २०२३ ला नेपाळमधल्या पोखरा इथं उतरताना यती एअरलाइन्सचं विमान कोसळलं. विमानातली सगळी ७२ माणसं गेली, त्यांत पाच भारतीय होते. ते लहान विमान नव्हे, पण चौकशीचा निष्कर्ष आपल्या विषयाचा आहे. फ्लॅप ३० अंशांवर घ्यायला सांगितल्यावर हात गेला तो शेजारच्या, पंख्यांच्या पात्यांशी संबंधित लिव्हरांवर. पाती वाऱ्याला समांतर झाली आणि ओढ संपली. फ्लॅप त्या वेळी हलले नाहीत, आणि ही गोष्ट वेळेत कुणाच्या ध्यानात आली नाही.

दांडा निर्दोष आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तो जेवढ्या लवकर हलतो, तेवढ्याच लवकर घातही करतो. गो-अराउंडमध्ये घाबरलेल्या पोरानं बटण दाबून दांडा एकदम खाली सोडला, की सगळी उचल एका झटक्यात जाते आणि विमान खाली बसतं. खाली जमीन पन्नास फुटांवर असते. म्हणून शिकवणारे सांगतात, दांड्यावरचा हात सोडायचा नाही, एकेक खाच उतरायचं. मोटरचा मंदपणा अशा वेळी शिकाऊ माणसाला वाचवतो, हे कबूल केलं पाहिजे. शिवाय दांडा ओढायला एक हात जातो आणि नजर क्षणभर आत येते. वादळी हवेत तेही नको वाटतं.

तरीही ज्यांचं पोट विमानावर आहे त्यांनी दांडा सोडला नाही. अलास्काच्या रानात, तळ्यांवर उतरणारं सेसना १८५ शेवटपर्यंत, १९८५ पर्यंत, दांड्याचंच बनलं. १७२ ला मोटर लावणाऱ्या त्याच कंपनीनं ते बनवलं. पाण्यावरून उडताना पाणी विमानाला चिकटून धरतं. वेग आला की हे वैमानिक दांडा झटक्यात एक-दोन खाचा वर ओढतात आणि विमान पाण्यातून सुटतं. मोटरला हे जमणार नाही. पायपरनं तर १९६० च्या दशकात धरलेला दांडा आजच्या, समोर संगणकाचे पडदे असलेल्या आर्चर विमानातही ठेवला आहे. उलट, गोंदियात ज्या डायमंड डीए-४० विमानांवर कितीतरी मुलं शिकली, त्यांत खटका आहे आणि तीनच जागा आहेत: वर, उड्डाण, उतरणं. अंशांचा हिशेबच नको.

माझं मत असं की पहिले पन्नासेक तास तरी पोरांनी दांड्यावर शिकावं. वाऱ्याचा दाब एकदा दंडाला कळला की पुढे खटका आला तरी मनात तो दाब राहतो. भाच्याचे प्रशिक्षक हे मानत नाहीत. पुढे मोठ्या विमानात सगळं खटक्यांचंच, मग पहिल्या दिवसापासून काटा बघायची, मान वळवून फ्लॅप बघायची सवय लागलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी भाच्याला प्रत्येक वेळी खटका हलवल्यावर मोठ्यानं बोलायला लावलं: “फ्लॅप वीस, दिसले.” दिसल्याशिवाय ‘दिसले’ म्हणायचं नाही. उतरल्यावर घरी जेवतानासुद्धा तो डाळीचं भांडं सरकवून “दिसली” म्हणू लागला, तेव्हा आपाला वाटलं पोराचं डोकं फिरलं.

तुला कुठलं आवडतं, असं मी त्याला सरळ विचारलं. तो हसला. म्हणाला, “मामू, ज्याचं तासाचं भाडं कमी, ते.” बँकेचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो.